पाकिटावर सगळं छापलंय, तेवढं सोडून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी तुमच्या पुरवणीत घर आवरण्यावर अख्खं पान होतं. जुन्या वायरींची पिशवी डोळे मिटून टाकून द्या, असा त्यात सल्ला होता. माझ्या सुनेनं तो वाचला, माळ्यावरची पिशवी खाली काढली आणि दाराशी ठेवली. मी ती उचलून परत माळ्यावर ठेवली. त्यावरून घरात जे झालं ते छापण्यासारखं नाही. पण त्या पिशवीतून पुढे जे निघालं ते छापण्यासारखं आहे असं मला वाटतं, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल.

आधी माझ्याबद्दल सांगते, नाहीतर त्रेसष्टाव्या वर्षी ही बाई वायरींवर का बोलतेय असं वाटेल. १९८३ साली मी भोसरीच्या एका टीव्ही कारखान्यात लागले. आदल्या वर्षी दिल्लीत एशियाड झालं होतं, दूरदर्शन रंगीत झालं होतं आणि सेट पुरत नव्हते. बायकांना रात्रपाळी लावायची नाही असा कायदा होता, नाहीतर तीही लावली असती. मी टच-अपच्या लाइनवर. प्लेट, म्हणजे सुटे भाग बसवलेली सर्किटची पाटी, वितळलेल्या शिशाच्या लाटेवरून जाऊन आली की आमच्यासमोर यायची. कुठे डाग, म्हणजे सोल्डरिंगचा जोड, सुका राहिलाय, कुठे दोन डाग एकमेकांना चिकटलेत, ते बघायचं आणि हातानं नीट करायचं. चांगला डाग चकचकतो, सुका डाग खरखरीत आणि मळकट दिसतो. हे एकदा नजरेत बसलं की जात नाही. रंगाच्या भागात एक पत्र्याच्या टोपीचा क्रिस्टल असायचा, त्यावर ४.४३३६१९ असा आकडा; रंगाच्या सिग्नलची मेगाहर्ट्झमधली कंपनसंख्या ती. पाढे विसरेन, हा आकडा विसरायची नाही. सतरा वर्षांनी कारखाना बंद पडला आणि सोल्डरिंग आयर्न घरी आलं, ते तेवढंच.

आता पिशवी. मुलगा २००७ साली दीड वर्ष कंपनीकडून जर्मनीत श्टुटगार्टला होता. येताना प्लेस्टेशन टू, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं गेमचं मशीन, घेऊन आला. पुढे लग्न, नोकरी, हप्ते. मशीन डब्यात गेलं. यंदा ते नातवाच्या हाती लागलं. नातू सातवीत. डब्यात मशीन होतं, खेळायची दोन हँडलं होती, पिशवीत दोन वायरी होत्या. एक ओळखीची, टोकाला पिवळी-पांढरी-लाल पिन. दुसरी अंगठ्याएवढी जाड, काळी, आणि तिच्या टोकाला फणीसारखा रुंद प्लग. ती कशाची, असं नातवानं विचारलं तर चिरंजीव म्हणाले, तिकडच्या टीव्हीची, इथे काही उपयोग नाही. आणि मोबाइल बघायला लागले.

हॉलमधला टीव्ही त्रेचाळीस इंची. मागे एचडीएमआयची तीन तोंडं आणि हेडफोनला असतं तसं एक बारीक गोल भोक. खाली लिहिलंय ‘एव्ही इन’. पिवळी-पांढरी-लाल त्यात जाणार कशी? टीव्हीच्या खोक्यात त्यासाठी वीतभर वायर आली असणार. ती घर बदलताना गेली, बहुधा डोळे मिटूनच. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून १८० रुपयांना तशीच एक आणली. एका टोकाला बारीक पिन, दुसऱ्या टोकाला तीन रंगांची तोंडं. लावली. चित्र नाही, स्पीकरमधून नुसतं घूंऽऽ. परत घेऊन गेले तर दुकानदार म्हणाला, “उघडलेलं पाकीट परत घेत नाही, मावशी. आणि वायरचं काही नाही, तुमचं मशीनच गेलंय. किती जुनं आहे ते! टाकून द्या.” मग सुनेनं ऑनलाइन दुसरी मागवली, २४० रुपयांची. पाकीट वेगळं, रंग वेगळा, घूं तेच. नातवानं मशीन गुंडाळायला घेतलं.

मला काही ते पटेना. दिवा लागत होता. तबकडी आत गेली की फिरण्याचा आवाज येत होता. मेलेलं माणूस श्वास घेत नाही.

टीव्हीच्या त्या भोकात कुठे काय आहे हे बघायचं तर चार सुट्या तारा असलेली पिन हवी. नातवाचा एक तुटका हेडफोन होता, माइकवाला. त्याच्या पिनेवर तीन काळ्या रेघा, म्हणजे चार भाग. तो कापला. हेडफोनच्या तारा केसासारख्या बारीक असतात आणि त्यांवर रंगीत लाखेचा थर असतो. ब्लेडनं खरवडायला गेलात की तार तुटते. आयर्नच्या टोकावर शिशाचा थेंब घ्यायचा आणि त्यात तार धरायची. लाख जळते, जरा धूर येतो, तार चकचकीत होऊन बाहेर येते. त्या चार तारा मीटर लावून पिनेच्या चार भागांशी ताडून घेतल्या आणि कागदावर लिहिल्या: टोक, पहिलं कडं, दुसरं कडं, बूड.

मग टीव्ही बंद केला, प्लगही काढला, पिन भोकात घातली. मल्टिमीटरची एक सळी एचडीएमआयच्या पत्र्याला लावली; तो पत्रा म्हणजे टीव्हीची जमीन, अर्थिंगची बाजू. दुसरी सळी एकेका तारेला. दुसऱ्या कड्याची तार वाजली. म्हणजे जमीन तिथे. आता त्या जमिनीपासून उरलेल्या तिघींचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये घेतला. टोक: हजारांत. पहिलं कडं: हजारांत. बूड: ७६.

नातू म्हणाला, “आजी, हसतेस काय?” अरे, पंच्याहत्तर म्हणजे चित्राची वाट! टीव्ही कुठल्याही कंपनीचा, कुठल्याही देशाचा असो, चित्र आत घेणाऱ्या तोंडाशी पंच्याहत्तर ओहमचा रेझिस्टर असतो. आवाजाच्या तोंडाशी काही हजार ओहम असतात. वरचा एक ओहम माझ्या मीटरच्या सळ्यांचा. म्हणजे आमच्या टीव्हीत चित्र बुडाशी, जमीन दुसऱ्या कड्यावर. मग दुकानातली वायर तपासली. तिच्यात पिवळ्याची मधली तार दुसऱ्या कड्यावर होती आणि जमीन बुडाशी. नेमकं उलटं. ऑनलाइन मागवलेलीही तशीच. वायर चांगली होती, फक्त दुसऱ्या कुणाच्या टीव्हीची होती. पिवळी पिन काढून लाल तोंडात घाल, लाल पांढऱ्यात घाल, असं करून काही वायरी चालवता येतात, पण ते जमीन जागेवर असेल तर. जमीनच हलली की कितीही रंग फिरवा, चित्र येणार नाही.

मग मी दोन्ही पाकिटं चष्मा लावून वाचली. वेष्टनावर काय काय छापायचं यासाठी वैधमापनाचे २०११ चे नियम आहेत, आणि पाकिटं नियमाला धरून होती. कमाल किंमत, सर्व करांसह. आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता. महिना, वर्ष. नग एक. तक्रारीसाठी फोन. शिवाय सोन्याचा मुलामा, अस्सल रंग, सुस्पष्ट आवाज. पिनेच्या चार भागांपैकी कशावर काय आहे, ते मात्र कुठेही नाही. हेडफोनसारख्या या चार भागांच्या पिनेत कुठे काय जोडायचं याचं सगळ्यांनी पाळलेलं एक प्रमाण नाही. एक कंपनी बुडाशी चित्र देते, दुसरी कड्यावर. भोक एकाच मापाचं, त्यामुळे पिन बसते, आणि बसली म्हणजे जुळली असं वाटतं. दुकानदाराचाही मला फारसा राग नाही. त्याला तरी कुठे कुणी सांगितलंय?

वायर घरीच करायची ठरवली. पिंपरीहून मेट्रोनं मंडई, तिथून चालत बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. बऱ्याच वर्षांनी गेले. आता तिथे एलईडीच्या माळाच जास्त, पण सुटे भाग विकणारे अजून आहेत. “चार भागांची साडेतीन एमएम पिन द्या, आणि आरसीएची तीन तोंडं, फीमेल.” आरसीए म्हणजे त्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांचा प्रकार. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “कुणाला हवंय मावशी, मुलाला?” म्हटलं, मला. मग त्यानं नीट विचारलं, धातूची बॉडी की प्लास्टिकची. धातूची घ्या. प्लास्टिकची आयर्नच्या उष्णतेनं वाकते आणि मधली पिन तिरकी होते.

वायर कोणती वापरायची यात मी एकदा फसले. डिशवाल्यानं गच्चीवर टाकलेला जाड वायरचा तुकडा होता, पंच्याहत्तर ओहमचीच ती. पण तिची जाळी ॲल्युमिनियमची. साध्या शिशाला ॲल्युमिनियम धरत नाही. थेंब होतो आणि अळवावरच्या पाण्यासारखा घरंगळतो. मधली तारही आतून पोलादी, वरून तांबं, चार वेळा वाकवली की तुटते. शेवटी सोसायटीच्या सीसीटीव्हीवाल्याकडून थ्री प्लस वनचा दोन हात तुकडा मागून घेतला. एका वेष्टनात एक चित्राची जाळीवाली वायर आणि तीन साध्या तारा. चित्र जाळीवालीतून, डावा-उजवा आवाज दोन तारांतून, आवाजाची जमीन तिसरीतून. आपल्या कामासाठीच बनवल्यासारखी. मात्र जाळी तांब्याची आहे का ते विचारून घ्या. सीसीटीव्हीच्या वायरीतही स्वस्तातली मिश्रधातूची जाळी येते आणि तिलाही डाग धरत नाही.

दुकानातली १८० रुपयांची वायर मी उभी चिरून पाहिली. पिवळ्याच्या आत मधल्या तारेभोवती जाळी नव्हतीच, बारीक तारा नुसत्या एका बाजूला झोपवलेल्या. मोजल्या. सात. मग चित्रात तिरप्या रेघा आल्या, पडदा पांढरा झाला की स्पीकर गुणगुणायला लागला, तर नवल काय? एवढ्याशा जमिनीवरून चित्र आणि आवाज दोघंही परत जातात आणि एकमेकांच्या पायात पाय घालतात. लोक पैसे मोजतात सोन्याच्या मुलाम्याला. मुलाम्यानं पिनेला गंज चढत नाही, बास. दीड-दोन मीटरच्या वायरीत चित्र बिघडतं ते जाळीमुळे. खरं सांगायचं तर एवढ्या आखूड वायरीत पंच्याहत्तरचं माप थोडं इकडेतिकडे झालं तरी डोळ्याला कळणार नाही. जाळी नसली तर लगेच कळतं.

चार भागांच्या पिनेला डाग देणं हे मात्र चिडचिड करायला लावणारं काम आहे. करंगळीच्या नखाएवढ्या जागेत चार पत्र्या, मध्ये प्लास्टिकच्या चकत्या. आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त ठेवलं की चकती वितळते आणि आतून दोन भाग एक होतात. पंचवीस वॅटचं आयर्न, बारीक टोक, साठ-चाळीसचं शिसं, म्हणजे साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं. आधी तारेला टिनिंग, म्हणजे कल्हईच. मग पत्रीला टिनिंग. मग दोघी एकमेकींना लावून टेकवायचं आणि हात हलू द्यायचा नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, भिंगाचा दिवा लावून बसले. चारही डाग चकचकीत आले. नातवाला दाखवले, सुनेला दाखवले. आणि मग लक्षात आलं, पिनेची टोपी टेबलावरच राहिली. ती वायरीत आधी ओवायची असते, मागून घालता येत नाही. सतरा वर्षं डाग दिले आणि हे विसरले! आमच्या लाइनवर टोप्या ओवायचं काम दुसरीकडे होतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. चारही डाग काढले, टोपी ओवली, पुन्हा दिले.

चित्र आलं. क्रिकेटचा गेम होता. घरात पहिल्यांदा ‘आउट’ झाला तो माझा मुलगा, मोबाइल खाली ठेवून.

इथे पत्र संपलं असतं. पण नातवाला लाल आकडे दिसेनात. धावफलकावरचे लाल आकडे कुंकू फिसकटल्यासारखे शेजारी पसरत होते. त्याला सांगितलं ते इथेही सांगते. पिवळ्या वायरीतून चित्राचा उजेड आणि चित्राचा रंग एकाच तारेवरून येतात. रंग त्या ४.४३ वर बसवून उजेडात मिसळलेला असतो आणि टीव्हीला तो पुन्हा वेगळा करावा लागतो. हळद आणि कुंकू एकदा एकत्र झालं की निवडून बघा. थोडं इकडचं तिकडे राहतंच. शिवाय रंगाला दिलेली वाट उजेडाच्या मानानं अरुंद असते, म्हणून बारीक लाल अक्षरं पसरतात. ते मशिनमधूनच तसं बाहेर पडतं, त्यामुळे वायर कितीही चांगली केली तरी हा दोष जात नाही. वाटच वेगळी घ्यावी लागते.

ती वाट त्या जाड काळ्या वायरीत होती.

फणीसारख्या प्लगला स्कार्ट म्हणतात. फ्रान्समधला, तिथे १९८० पासून विकायच्या प्रत्येक टीव्हीला हे तोंड सक्तीचं केलं होतं, मग ते सगळ्या युरोपात पसरलं. एकवीस पिना, आणि प्रत्येकीचं काम ठरलेलं. १५ लाल, ११ हिरवा, ७ निळा. २० वर चित्र, किंवा नुसती चित्राची लय, म्हणजे नवी ओळ कधी सुरू करायची तो इशारा. २ उजवा आवाज, ६ डावा. हे आकडे प्लगवरच कोरलेले असतात. म्हणजे पंचेचाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी ठरवलं, ते कोरलं आणि पाळलं, म्हणून आज चिंचवडच्या बाईला ते टोपण उघडून वाचता आलं. माझं गाऱ्हाणं नेमकं एवढंच आहे, पण त्यावर पुढे येते.

टोपण दोन खटक्यांवर उघडलं. आत तीन छोटे कॅपॅसिटर, म्हणजे स्थिर व्होल्टेज अडवून बदलता सिग्नल पुढे सोडणारे भाग, प्रत्येकावर २२०. लाल, हिरव्या, निळ्याच्या वाटेत एकेक. आणि एक रेझिस्टर, पट्टे तपकिरी, करडा, तपकिरी. म्हणजे १८०. हे वाचायला मला अजून कागद लागत नाही. मशीनमधून पाच व्होल्टची एक तार येते, ती या रेझिस्टरमधून सोळाव्या पिनेला जाते. टीव्हीच्या आतला पंच्याहत्तर आणि हा एकशे ऐंशी मिळून पाचाचे साधारण दीड व्होल्ट उरतात, आणि तेवढ्या इशाऱ्यावर टीव्ही पिवळी वाट सोडून तीन रंगांच्या वाटेवर येतो. कुणीतरी किती विचार केलाय!

आपल्याकडच्या टीव्हीला स्कार्ट नाही. पण आतल्या खोलीत आमचा २०१० चा बत्तीस इंची टीव्ही आहे, त्याला मागे पाच तोंडं आहेत: हिरवं, निळं, लाल, आणि आवाजाची पांढरं-लाल. याला कंपोनंट म्हणतात. उजेड एका वायरीत, रंगाचे दोन हिस्से दोन वायरींत, मिसळामिसळ नाही. आणि प्लेस्टेशन टूची गंमत अशी की लाल-हिरवा-निळा ज्या पिनांवरून बाहेर पडतात, त्याच पिनांवरून कंपोनंटही बाहेर पडतो. कोणतं सोडायचं ते मशीनच्या सेटिंगमध्ये सांगायचं. म्हणजे मशीनच्या बाजूचा प्लग मिळवायची कटकट गेली. तो बारा पिनांचा प्लग तपकीर गल्लीत सुटा मिळाला नाही. आणि स्वस्त वायरीतला कापून घ्यावा तर त्यात लागतात तेवढ्याच पाच-सहा पिना भरलेल्या असतात, बाकी भोकं रिकामी. स्कार्टच्या वायरीत रंगांच्या पिना हजर होत्या. श्टुटगार्टहून आलेलं हे टोक म्हणजे घबाडच.

टोपणातून एकवीस पिनांची फणी काढली, टोपण ठेवलं. कॅपॅसिटर तसेच राहू दिले आणि त्यांच्या पुढच्या टोकांना जाळीच्या बारीक वायरीच्या शेपट्या जोडल्या. पाच व्होल्टची तार मात्र आधी कापली आणि तिच्या टोकावर स्लीव्ह, म्हणजे वीज न वाहणारी नळी, चढवून ती वेगळी बांधली. ती जमिनीला लागली तर मशीन खरोखरच जाईल, मग दुकानदार खरा ठरेल. पिवळीची शेपटीही ठेवली. ती का, ते सांगते: मशीनला सेटिंग बदलायला सांगायचं तर पडद्यावर मेनू दिसला पाहिजे, आणि सेटिंग बदलेपर्यंत नव्या वाटेनं धड चित्र येत नाही. म्हणून आधी पिवळीवर मेनू बघायचा, ‘कंपोनंट व्हिडिओ आउट’मध्ये आरजीबीवरून, म्हणजे लाल-हिरवा-निळ्यावरून, दुसऱ्या पर्यायावर जायचं, मग वायर बदलायच्या. आरसीएच्या पिनेला डाग देताना ती एखाद्या फुटक्या तोंडात खोचून धरा. मधला दांडा वितळलेल्या प्लास्टिकमधून सरकत नाही.

लावलं. मैदान हिरवंगार, आकडे कोरल्यासारखे. आणि अकराच्या अकरा खेळाडू निळे, अख्खा संघ गोकुळातून आल्यासारखा. माझ्या तिन्ही शेपट्या काळ्या होत्या, आणि लाल-निळ्याची अदलाबदल झाली होती. मैदानानं फसवलं. हिरव्यात रंगाचे दोन्ही हिस्से एकाच बाजूला झुकलेले असतात, त्यामुळे त्यांची अदलाबदल झाली तरी हिरवा बहुतेक हिरवाच राहतो. त्वचेच्या रंगात ते विरुद्ध बाजूंना असतात, तिथे लगेच कळतं. तेव्हा रंग तपासायचे तर माणसाचं तोंड बघावं. पिना बदलल्या, खेळाडू माणसांत आले. आणखी एक गोष्ट: या तोंडांमध्ये लाल दोनदा येतो, एक चित्राचा, एक उजव्या आवाजाचा. हे ज्यानं ठरवलं त्यानं अंधारात टीव्हीच्या मागे हात घालून कधी वायर लावली नसावी. आवाजाच्या लाल पिनेला मी काळी चिकटपट्टी गुंडाळलीय.

आता गाऱ्हाण्याकडे. प्लेस्टेशन टू २००० साली आलं आणि जगात पंधरा कोटींहून जास्त विकलं गेलं. ती काही सगळी मोडलेली नाहीत. वायर नाही, किंवा वायर आहे पण चित्र नाही, म्हणून किती डब्यात बसली असतील? तोंड सारखं म्हणजे आतली जोडणी सारखी, हा भ्रम फक्त टीव्हीच्या बारीक भोकापुरता नाही. मुलानं मला दाखवलं, निन्टेंडोच्या सुपर निन्टेंडोला अमेरिकेत आणि युरोपात बाहेरून एकच तोंड. पण तीन रंगांच्या वायरीत अमेरिकेच्या मशीनला कॅपॅसिटर लागतात, आणि युरोपच्या मशीनला प्रत्येक रंगापासून जमिनीकडे पंच्याहत्तरचा रेझिस्टर. एकाची दुसऱ्याला लावली की चित्र बिघडतं आणि माणूस म्हणतो, मशीन गेलं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, चांगलं केलं. पण मला काही दुरुस्त करायचंच नव्हतं. सगळं चालू होतं. मला फक्त कुठे काय आहे ते हवं होतं.

म्हणून वायरी विकणाऱ्यांना आणि टीव्ही विकणाऱ्यांना माझं सांगणं आहे. पाकिटावर किंमत, पत्ता, महिना छापता, सोन्याचा मुलामा छापता. त्यातच त्या पिनेचं एक चित्र काढा आणि चार रेघा ओढून लिहा: डावा, उजवा, जमीन, चित्र. टीव्हीच्या मागे भोकाशेजारीही तेच. चार शब्दांना शाई किती लागते? तुमच्या पानावर जागा असेल तर तुम्हीही एकदा छापा. वाचक कापून टीव्हीच्या मागे चिकटवतील.

तुमच्या सल्ल्याबद्दलही एक. सगळ्या वायरी जपा असं मी म्हणत नाही. जुन्या मोबाइलचे चार्जर खुशाल ई-कचऱ्यात द्या, आम्हीही पिशवीभर दिले. पण ज्या वायरीचं एक तोंड एकाच मशीनला बसतं, ती त्या मशीनच्या डब्यात ठेवा; ती गेली की मशीन गेलं. आणि हे वाचून कुणी आयर्न हातात घेणार असेल तर वायरीपाशीच थांबा. जुना, पोट असलेला टीव्ही उघडू नका. रंगीत पिक्चर ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते आत दबा धरून बसतात. आमच्या कारखान्यात त्या टेबलाशी शिकाऊ पोरींना उभंही राहू देत नसत. शिशाचं काम झालं की हात साबणानं धुवा, मगच डबा उघडा. हा नियम तेव्हाचा आहे आणि अजून मोडलेला नाही.

माझं नाव छापू नये ही विनंती. सोसायटीत बातमी पसरली आहे आणि माझ्याकडे तीन घरांच्या पिशव्या येऊन पडल्या आहेत.

आपली,
टच-अप लाइनवरची एक निवृत्त कामगार,
चिंचवड

ता. क. – स्कार्टची ती एकवीस पिनांची फणी सुनेनं टाकायला काढली होती. सध्या ती माळ्यावरच्या पिशवीत आहे.